‘स्मृतिचित्रां’तील धर्म

कौंडण्यपुराहून रुक्मिणीची पालखी ज्या पंढरीस जाते, तेथेच रे. नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाल्यावर लक्ष्मीबाईंनी विरहाचे काही दिवस कंठिले. पुढे पतीकडे परतल्यावरही त्यांचे सोवळे सुटले नव्हते. जातिभेद मनुष्यकृत होय असे स्वतःस पटले, तेव्हाच त्यांनी कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचे ठरविले. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. आधी आचार, मग दीक्षा, असा हा क्रम आहे. ‘स्मृतिचित्रे’ (१९३४–३६) या ग्रंथात लेखिका त्याचा डांगोरा पिटीत नाही; स्वतःस हसत हसत घरगुती भाषेत सारे सांगते. ऐकलेले ज्ञान स्वयंपाकघरात उतरले की नाही, हीच येथे धर्माची कसोटी आहे. ख्रिस्ती वाचकाइतकाच वारकऱ्यासही हा ग्रंथ आपला वाटावा, तो यामुळेच.