नांदेड-लातूर प्रांतांतील वंशावळी व त्यांची परीक्षा

जुन्या दप्तराचा रुमाल सोडला कीं पाहणाराची दृष्टि प्रथम वंशावळीकडे जाते. वर मूळ पुरुष, त्याखालीं पुत्रपौत्र, शेवटीं दप्तराचे हल्लींचे धनी. असा वृक्ष हातीं आला म्हणजे कुळाचा इतिहास सिद्ध झाला, असें समजण्याचा प्रघात आहे. आमच्या मतें हा प्रघात टाकून दिला पाहिजे. वंशावळ ही बहुधा एका पक्षकाराची कैफियत असते, आणि कैफियतीस जितका विश्वास द्यावयाचा तितकाच तिला द्यावयाचा.

हा प्रश्न आतां केवळ संशोधकांच्या जिज्ञासेचा राहिलेला नाहीं. सप्टेंबर २०२३ मध्यें निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली जाऊन मराठवाड्यांत कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. निजामकालीन करार, सनदा, महसुली पुरावे आणि वंशावळी हीं सर्व साधनें त्या शोधाच्या कक्षेंत आलीं. पुढें २ सप्टेंबर २०२५ रोजीं हैदराबाद गॅझेटियरविषयींचा शासननिर्णय निघाला. या निर्णयांच्या राजकीय बाजूशीं आम्हांस येथें कर्तव्य नाहीं. परंतु मोडीच्या किंवा फारसी लिपीच्या एका ओळीवर एखाद्या घरच्या मुलांचें शिक्षण व नोकरी अवलंबून राहूं लागली असतां, ती ओळ कशी वाचावी हें सांगणें आम्हां कागद जमविणारांचें काम आहे.

वंशावळ जन्मास कां येते हें आधीं पाहूं. वतनाचा तंटा उभा राहिला म्हणजे वादी व प्रतिवादी आपापला करीना लिहून देत. त्यांत वतन मूळ कोणीं मिळविलें व कोणत्या शाखेकडे आलें हें येई. गोतसभेनें निवाडा केला कीं महजर होई, हरणारा येजितखत देई. निजामी अमलांत हेंच काम इनामांच्या चौकशींत झालें. विरासतीच्या प्रकरणांत वारसांचा शजरा दाखल होई व निकालाअंतीं मुंतखब मिळे. तेव्हां ज्या शाखेस वतन हवें तिनेंच बहुधा वंशवृक्ष काढलेला असतो. भांडणारा भाऊबंद त्यांतून गळतो, निःसंतान चुलता दिसत नाहीं, मुली तर जवळजवळ कधींच दिसत नाहींत. दत्तक पुत्र दत्तक घेणाराचे नांवापुढें ‘बिन’ लावून सरळ रांगेंत बसतो. दत्तकपत्र हातीं नसेल तर रक्ताचा संबंध कोठें तुटला हें कळण्यास मार्ग नाहीं.

पिढ्यांची मोजणी ही पहिली परीक्षा. पिढीस पंचवीस ते तीस वर्षें धरलीं तर अडीचशें वर्षांत आठ ते दहा पिढ्या व्हाव्यात. चारच असतील तर मधलीं नांवें गेलीं. पंधरा असतील तर भाऊ बापलेक झाले. आजाचें नांव नातवास ठेवण्याच्या चालीमुळें एकाच नांवाचे दोन पुरुष एक होणें, किंवा एकाचे दोन होणें, हेंहि नित्याचें. ‘देशमुख’, ‘पाटील’ हीं तर अधिकाराचीं नांवें आहेत. कंधारचे देशमुख व उदगीरचे देशमुख केवळ आडनांवावरून एक कुळाचे ठरत नाहींत.

मग विश्वास कशावर ठेवावा? आमचें उत्तर असें कीं, जें लिहिण्यांत लिहिणाराचा कांहीं स्वार्थ नव्हता त्यावर. महजराच्या मजकुरापेक्षां त्याचा समास अधिक बोलका असतो. तेथें साक्षीस आलेले पाटील, कुळकर्णी, शेटे, बलुतेदार आपापल्या गांवासह व बापाच्या नांवासह उभे असतात. ज्यास लिहितां येत नाहीं त्याची निशाणी असते, कुणब्याचा नांगर, वाण्याचा तराजू, न्हाव्याचा आरसा. त्या दिवशीं त्या गांवीं तो पुरुष हयात होता एवढें त्यावरून निश्चित होतें. देशमुखांच्या घरीं बारा पिढ्यांची वंशावळ सांपडेल. न्हाव्याच्या किंवा महाराच्या घरीं ती सांपडणार नाहीं. त्यांची वंशावळ या समासांत विखुरलेली आहे. तरी आमचे संग्राहक महजर छापतांना साक्षींच्या जागीं ‘पुढें साक्षी आहेत’ एवढें लिहून मोकळे होतात. हा दोष आम्ही स्वतःहि केला आहे, म्हणून अधिक आग्रहानें सांगतों.

आतां लिपीविषयीं. मोडींत शिरोरेघ आधीं ओढून हात न उचलतां लिहीत जाण्याची रीत. इकार-उकाराचें ऱ्हस्वदीर्घ नाहीं, शब्दांत अंतर नाहीं. फारसी शिकस्त्यांत याहून मोठी अडचण आहे. ‘कुणबी’ हा शब्द त्या लिपींत लिहिला असतां काफापुढें दोन दांते व शेवटीं ये एवढाच आकार उरतो. नून कोणता व बे कोणता हें केवळ नुक्त्यांवरून कळावयाचें, आणि शिकस्ता लिहिणारा नुक्ते बहुधा गाळतो. म्हणून हा शब्द एका ओळींतून कधींच वाचूं नये. त्याच कारकुनाच्या हातचीं दहा पानें पाहावीं, तो दांते कसे काढतो हें ठरवावें, मग बोलावें. शब्द निर्विवाद लागला तरी अर्थ उरतोच: जुन्या मराठी कागदांत ‘कुणबी’ कोठें जात सांगतो, कोठें नुसता शेत कसणारा; आणि ‘कुणबीण’ म्हणजे पुष्कळदां दासी.

कालगणनेंतहि असाच घोंटाळा. शुहूर सनांत ५९९ किंवा ६०० मिळवावे म्हणजे इसवी सन निघतो. ‘खमस सबैन अलफ’ म्हणजे १०७५, त्याचे १६७४-७५. हैदराबादी फसलींत ५९० मिळवावे; पण तेथील वर्ष आझर महिन्यापासून, म्हणजे ऑक्टोबरच्या आरंभीं, सुरू होई. त्यामुळें सप्टेंबर १९४८ हा १३५७ फसलींतच येतो. नुसता ‘सन १३००’ असा आंकडा असेल तर फसली धरल्यास १८९०-९१ व हिजरी धरल्यास १८८२-८३. आठ वर्षांच्या फरकानें बाप लेकाच्या जागीं बसतो.

कागद कोठें शोधावा हेंहि हद्दींच्या इतिहासावर अवलंबून आहे. लातूर जिल्हा १९८२ सालीं उस्मानाबादेंतून निघाला. तेव्हां लातूरचा मागील कागद तिकडे पाहावा. उदगीर, अहमदपूर व निलंगा हे तालुके १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यांत, किनवट आदिलाबादेंत. उलट मुधोळ त्या सालीं नांदेडांतून गेला. लातूरच्या कचेरींत नोंद नाहीं म्हणून ती नाहींच असा निष्कर्ष काढणें म्हणजे दुसऱ्याच्या घरीं आपली वस्तु शोधण्यासारखें आहे. निलंग्यास जन्मलेले सेतुमाधवराव पगडी मराठीइतकेच फारसी कागदांतहि वावरत. या प्रांताच्या संशोधकास दुसरा मार्ग नाहीं.

मूळ नष्ट झालें तरी काम थांबत नाहीं, याचें उदाहरण आयर्लंडांत आहे. १९२२ च्या जून अखेरीस डब्लिनचें सरकारी दप्तरखाना जळून मृत्युपत्रें व जुन्या शिरगणत्या राख झाल्या. तेथील कुळांचे शोधक तेव्हांपासून १७०८ सालीं स्थापिलेल्या दस्तनोंदणी कचेरीकडे वळले. तेथें मूळ दस्तांचे शपथेवर दिलेले सारांश आहेत. ते नकलेस नक्कल म्हणूनच मानतात, पण तींतील साक्षीदार, शेजारी व गांव यांची सूचि करून एकमेकांशीं ताडून पाहतात. आमच्याकडे तालीक सांपडली तर कांहींजण तिला असल म्हणून मिरवितात, कांहींजण नक्कल म्हणून फेंकून देतात. दोन्ही अन्यायच.

शेवटीं दप्तराच्या धन्यांस एक विनंति. आपल्या कामाचा एक कागद काढून घेऊन बाकीचा बस्ता रद्दींत घालूं नये. तो कागद खरा कीं बनावट हें त्याच्या शेजारच्या कागदांवरूनच ठरतें. बस्ता मोडला म्हणजे खरा कागदहि निराधार होतो. रुमाल आहे त्या क्रमानें ठेवावा, प्रत्येक कागदाची पाठपोट छायाचित्रें घ्यावींत, साक्षींसह यादी करावी. आपल्या रुमालांतील एखाद्या समासांत दुसऱ्या कोणाचा पणजा नांगराची निशाणी करून उभा असेल. त्याच्या घरीं त्याचा दुसरा कागद नाहीं.