पस्तीस मीटर, सहा वेळा

खेळाडूची अनएरोबिक ताकद, म्हणजे प्राणवायूची वाट न पाहता स्नायू जी ऊर्जा उधळतात ती, मोजण्याच्या चाचण्या पुष्कळ आहेत. मला त्यांतली 'रास्ट' सर्वांत सुंदर वाटते. १९९७ मध्ये इंग्लंडमधल्या वुल्व्हरहॅम्प्टन विद्यापीठात ड्रेपर आणि व्हाइट यांनी ती मांडली. ३५ मीटर जीव तोडून धावायचं, १० सेकंद थांबायचं, उलट फिरून पुन्हा धावायचं. असं सहा वेळा. फीत, वजनकाटा आणि स्टॉपवॉच एवढंच लागतं.

तिचं सूत्र बघा: वजन गुणिले अंतराचा वर्ग, भागिले वेळेचा घन. हा घन कुठून आला? अंतर भागिले वेळ म्हणजे वेग. वेग पुन्हा वेळेनं भागला की त्वरण. त्याला वजनानं गुणलं की बल, आणि बल गुणिले वेग म्हणजे शक्ती. वेळ तीनदा छेदात येते. ६० किलोच्या मुलानं ५ सेकंद घेतले तर ५८८ वॉट, ६ घेतले तर जेमतेम ३४०. एका सेकंदात एवढी पडझड! म्हणूनच घड्याळ धरणाऱ्याचा अंगठा एक दशांश सेकंद उशिरा दाबला गेला, तर ५८८ चे ५५४ होतात.

पण चाचणीचा खरा प्राण त्या १० सेकंदांत आहे. पहिल्या धावेला स्नायूंतलं क्रिएटिन फॉस्फेट हाताशी असतं. ते संपत आलं की निम्मं भरायलाही साधारण अर्धं मिनिट लागतं, आणि इथे मिळतात फक्त १० सेकंद. हा विसावा म्हणायचा कसा? दम खाली बसण्याआधीच पुढची धाव येते. मग भार ग्लायकोजेनवर पडतो, स्नायूंत आम्लता वाढते, मांड्या जड होतात. चौथ्या धावेपासून आकडे बोलू लागतात. पहिला आकडा झेप सांगतो, सहांची सरासरी क्षमता सांगते; आणि सर्वांत मोठ्या आकड्यातून सर्वांत लहान वजा करून धावांच्या एकूण वेळेनं भागलं, की थकव्याचा निर्देशांक.

१९७० च्या दशकात इस्रायलच्या विंगेट संस्थेत घडलेली सायकलवरची चाचणी हिच्याहून काटेकोर आहे, यात शंका नाही. किलोमागे ७५ ग्रॅम भार लावून सलग ३० सेकंद पेडल मारायचं. पण कबड्डीची चढाईही ३० सेकंदांची असली, तरी तिच्यात सलग जोर कुठे असतो? चढाईपटू वाकून अंदाज घेतो, एकदम झेपावतो, पकडीतून सुटायला झुंजतो, आणि थोड्याच वेळात पुन्हा मैदानात उतरतो. खो-खोतला धावकही असाच तुटक तुटक पळतो. रास्टची लय या खेळांच्या अधिक जवळची आहे, आणि तीही पायांवर.

भाईंदर पूर्वेला जेसल पार्कच्या चौपाटीसारख्या जागी ही चाचणी घ्यायची झाली, तर एक गोष्ट मात्र विसरू नये. वसईच्या खाडीवरून वारा असतो. धावा आलटून पालटून उलट दिशांना होतात, त्यामुळे पहिली, तिसरी, पाचवी वाऱ्यासोबत आणि दुसरी, चौथी, सहावी वाऱ्याविरुद्ध पडू शकते. अशा वेळी आकडे नागमोडी दिसतात. तो थकवा नसतो. विषम धावा विषमांशी आणि सम धावा समांशी ताडाव्यात, किंवा वाऱ्याला आडवी रेघ आखावी.

प्रशिक्षकांना एकच विनंती: वहीत फक्त सर्वांत वेगवान वेळ लिहू नका. सहाही वेळा, त्या दिवसाचं वजन आणि वाऱ्याची दिशा लिहा. महिन्याभरानं त्याच जागी, त्याच तासाला, तेच बूट घालून पुन्हा धावायला लावा आणि आधी सहावा आकडा बघा.