फ्रँकलिनचं वेळापत्रक आणि ठिपक्यांची कुऱ्हाड

आजचा विषय दिनचर्येचा आहे, पण सुरुवात एका पुस्तकापासून करायची आहे. स्वतःचा व्यवसाय करणाऱ्यांपुढे, म्हणजे घरून भाषांतर करणारे, शिकवण्या घेणारे, डिझाइनचं काम करणारे, शिवणकाम करणारे, अशा सगळ्यांपुढे एक तक्ता वारंवार ठेवला जातो. बेंजामिन फ्रँकलिनचा तक्ता. पहाटे पाचला उठायचं, दिवसाचं काम आखायचं, थोडा अभ्यास आणि न्याहारी. आठ ते बारा काम. बारा ते दोन जेवण, वाचन आणि जमाखर्चावर नजर. दोन ते सहा पुन्हा काम. मग वस्तू जागच्या जागी ठेवणं, जेवण, संगीत, गप्पा, दिवसाचा आढावा. रात्री दहाला झोप. सुटसुटीत आहे, भिंतीवर लावण्याजोगा आहे, आणि लावलाही जातो.

माझी तक्रार तक्त्याबद्दल नाही. तो जिथून उचलला, ते पान पुढे वाचलं जात नाही, ही तक्रार आहे.

हा तक्ता फ्रँकलिनच्या आत्मचरित्रात आहे. त्याने स्वतःला सुधारण्यासाठी तेरा गुणांची यादी केली होती. एक छोटी वही, दर आठवड्याला एक गुण, तेरा आठवड्यांत एक फेरी, वर्षात चार फेऱ्या. त्या यादीत तिसरा गुण होता व्यवस्थितपणा: प्रत्येक वस्तूला जागा आणि प्रत्येक कामाला वेळ. तक्ता आला तो या तिसऱ्या गुणासाठी. आणि लगेच पुढे फ्रँकलिन काय सांगतो? की याच गुणाने मला सगळ्यांत जास्त छळलं.

कारणही तो देतो, आणि ते आपल्या कामाचं आहे. तो म्हणतो, पगारावर काम करणाऱ्या छापखान्यातल्या कारागिराला असं वेळापत्रक कदाचित पाळता येईल, कारण त्याचं काम त्याला वेळ वाटून घेऊ देतं. मालकाला ते तंतोतंत जमणं शक्य नाही. मालकाला लोकांत मिसळावं लागतं आणि गिऱ्हाईक त्याच्या सोयीच्या वेळी दारात उभं राहतं.

आता बघा, गंमत काय झाली. नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू केलेल्या माणसाला आपण नेमका तो तक्ता देतो, जो मालकाला लागू पडत नाही असं खुद्द लिहिणारा सांगतोय. मग चौथ्या दिवशी तक्ता मोडतो आणि माणूस ठरवतो, माझ्यातच शिस्त नाही. माझ्या मते ही फसगत वाचण्याची आहे, स्वभावाची नाही. अर्धं पान वाचून माणसं स्वतःला दोषी ठरवताहेत.

फ्रँकलिनने हा भाग लिहिला 1784 साली, पॅरिसजवळच्या पासी इथे, वयाच्या 78व्या वर्षी. तिथे तो एक गोष्ट सांगतो. एका माणसाने कुऱ्हाड विकत घेतली आणि लोहाराला म्हणाला, धारेसारखीच सगळी कुऱ्हाड चकचकीत करून दे. लोहार म्हणाला, करतो, पण चाक तू फिरव. फिरवता फिरवता हा घामाघूम. अजून ठिपके दिसताहेत म्हटल्यावर तो म्हणाला, राहू दे, मला ठिपक्यांची कुऱ्हाडच आवडते. फ्रँकलिन या माणसाला हसतो आणि त्याच वेळी स्वतःलाही त्याच्याच पंगतीला बसवतो. व्यवस्थितपणा मला म्हातारपणापर्यंत आला नाही, पण त्या धडपडीने मी आधीपेक्षा बरा माणूस झालो, असा त्याचा हिशेब आहे. इतका प्रामाणिक लेखक आपण भिंतीवरच्या पाटीत बदलून टाकला.

अजून एक गोष्ट तक्त्यात नाही. फ्रँकलिनला विजेच्या प्रयोगांसाठी निवांत वेळ मिळाला तो पाचला उठून नव्हे. 1748 साली, वयाच्या 42व्या वर्षी, त्याने डेव्हिड हॉल या भागीदाराच्या हाती छापखाना सोपवला. वेळ तक्त्याने मिळाला नाही, भागीदारीने मिळाला. आणि त्याआधीची वर्षं? बायको डेबोरा दुकान सांभाळत होती, पत्रकं घड्या घालून शिवत होती, कागद करणाऱ्यांसाठी जुन्या चिंध्या विकत घेत होती. हे फ्रँकलिन स्वतःच कौतुकाने लिहितो. पण तक्त्यात तिचा रकाना नाही. न्याहारी आहे, ती कोणी केली ते नाही.

दुसरं उदाहरण इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलपचं. त्याचं आत्मचरित्र त्याच्या मृत्यूनंतर, 1883 साली छापून आलं. पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचं, साडेआठपर्यंत उठायचं नाही. पहिला अर्धा तास आदल्या दिवशीचं लिखाण वाचायचं, मग घड्याळ समोर ठेवून दर पंधरा मिनिटांना 250 शब्द. पुढे अनेक समीक्षकांनी नाकं मुरडली, की हा लेखक आहे की कारकून. मला ट्रोलप या बाबतीत फ्रँकलिनपेक्षा जास्त उपयोगी वाटतो, कारण त्याने अख्खा दिवस बांधायचा प्रयत्न केला नाही. त्याची टपालखात्यात नोकरी होती. दिवसातले बरेचसे तास दुसऱ्यांचे होते. जे तीन तास कोणाचेच नव्हते, तेवढे त्याने घेतले. शिवाय मोजमाप फक्त तासांचं नव्हतं, पानांचंही होतं. वहीत रोजची पानं लिहायची. आठवड्याची सरासरी सुमारे 40 पानं, कधी 20 वर उतरलेली, कधी 112 पर्यंत चढलेली. म्हणजे नियमातच चढउताराला जागा होती. आणि हो, त्याला पहाटे उठवून कॉफी आणून देणारा एक म्हातारा मोतद्दार होता, त्या कामाचे वर्षाला पाच पौंड जादा घेणारा. ट्रोलप ते लपवत नाही. माझ्या यशात त्याचा वाटा कोणाहीपेक्षा मोठा, असंच म्हणतो.

कोणी म्हणेल, परदेशी कशाला, आपल्याकडे दिनचर्या नाही का? आहे ना. वाग्भटाच्या अष्टांगहृदयाचा दुसरा अध्यायच दिनचर्येचा. त्यात गिऱ्हाईक नाही, शरीर आहे. पण एक शहाणपण तिथे आहे जे फ्रँकलिनच्या तक्त्यात नाही. वाग्भट व्यायाम सांगतो तो अर्ध्या शक्तीने, तोही बलवान आणि स्निग्ध खाणाऱ्यांनी, थंडीत आणि वसंतात. इतर ऋतूंत त्याहून कमी. लहान, म्हातारे, अजीर्ण झालेले, यांनी करूच नये. म्हणजे नियम एक, पण माणूस आणि ऋतू बघून माप वेगळं.

मग करायचं काय? पोळी-भाजी केंद्र चालवणारी बाई घ्या. तिचा दिवस पहाटे सुरू होतो, पण ती कोणाचं पुस्तक वाचून उठत नाही. डबे नऊला जायचे असतात म्हणून उठते. तिला पाचला उठून ध्यान करा सांगणं म्हणजे चेष्टा आहे. तिच्या दिवसात दुपारी दोन ते चार मोकळे असतील, तर तिचं ‘पहाट’ ते आहे. हिशेब, नवीन ऑर्डरचा विचार, किंवा सरळ झोप, जे काय असेल ते तिथे.

म्हणून आधी तक्ता करू नका. पंधरा दिवस फक्त नोंद ठेवा, आणि प्रत्येक तासापुढे लिहा, हा तास कोणाचा होता: माझा, गिऱ्हाइकाचा, की घराचा. ज्या तासावर कोणाचा हक्क सांगितला जात नाही असा एक तुकडा सापडेल. तेवढाच बांधा. तो घड्याळाने सुरू करा, पण कामाच्या नगाने मोजा: पानं, ब्लाउज, पाठ, जे तुमचं असेल ते. गिऱ्हाइकाला फोनची वेळ स्पष्ट सांगा. तो तरीही मधेच येईल, पण थोडा कमी येईल. मार्च महिन्यात, लग्नसराईत, परीक्षांच्या दिवसांत माप बदला. तो पराभव नव्हे, ऋतू आहे. आणि घराच्या तासांपुढे नाव लिहा. ते नाव रोज एकाच माणसाचं येत असेल, तर दिनचर्येच्या आधी तो प्रश्न घरात बोलायला लागेल.

फ्रँकलिनच्या तक्त्यातल्या दोन गोष्टी मात्र मी जरूर ठेवीन. एक, जमाखर्चाला दिलेली दुपारची वेळ. एकट्याने काम करणारे बिलं पाठवायची पुढे ढकलतात आणि मग महिनाअखेर झोप उडते. दुसरी, सकाळी आज काय चांगलं करायचं आणि रात्री काय केलं हे स्वतःला विचारणं. त्याला घड्याळ लागत नाही, मालकी लागत नाही. दिवस कितीही विस्कटला तरी ते दोन प्रश्न शाबूत राहतात.

बाकी कुऱ्हाडीवर ठिपके राहणारच. धार आहे ना, तेवढं बघा. आता तुमचे प्रश्न घेऊ.