‘गर्द’नंतरचा प्रश्न : व्यसन, लैंगिक आरोग्य आणि रेवसचा किनारा

मराठीतील व्यसनविषयक लेखनाचा विचार करताना अनिल अवचट यांच्या ‘गर्द’ या पुस्तकाचा उल्लेख अपरिहार्य ठरतो. व्यसनाधीन तरुणाकडे गुन्हेगार म्हणून नव्हे, तर रुग्ण म्हणून पाहण्याची दृष्टी या लेखनाने रुजवली. पु. ल. व सुनीता देशपांडे यांच्या साहाय्याने २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात सुरू झालेले ‘मुक्तांगण’ हे त्या दृष्टीचे मूर्त रूप होय. त्याच वर्षी मद्रास येथे भारतातील एचआयव्ही संसर्गाची पहिली नोंद झाली. मात्र हे दोन प्रश्न आपल्या चर्चेत दीर्घकाळ वेगळेच राहिले. व्यसन सुटले की नाही, येथे मराठी चर्चा बहुधा थांबते. जोडीदाराच्या आरोग्याचे काय, हे विचारले जात नाही.

वस्तुतः सामायिक सुई हा संसर्गाचा एकमेव मार्ग नव्हे. नशेच्या अमलात निरोधचा विसर पडणे, पदार्थाच्या मोबदल्यात शरीरसंबंध घडणे आणि गुप्तरोगांवर लाजेपोटी उपचार न घेणे हेही तितकेच घातक आहे. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या २०१७च्या पाहणीत सुईने नशा करणाऱ्यांमध्ये एचआयव्हीचे प्रमाण ६.२६ टक्के आढळले. परंतु गर्द ओढणारा मनुष्य ‘सुईने नशा करणारा’ या वर्गात बसत नाही आणि सुईला कधीही न शिवलेली त्याची पत्नीही त्यात मोजली जात नाही. वर्गीकरणाची ही मर्यादा केवळ तांत्रिक नसून मानवी आहे.

कायद्यातही हाच अंतर्विरोध दिसतो. १९८५चा अमली पदार्थविरोधी कायदा सेवनालाही दंडनीय मानतो, तर २०१७चा एचआयव्ही-एड्स कायदा धोका कमी करणाऱ्या उपायांना संरक्षण देतो. शिक्षेच्या भीतीने लपणारा रुग्ण या संरक्षणापर्यंत पोहोचणार कसा?

रेवससारख्या बंदराच्या संदर्भात हा प्रश्न अधिक स्पष्ट होतो. भाऊच्या धक्क्याशी लाँचने जोडलेल्या या किनाऱ्यावरील खलाशी अनेक दिवस समुद्रात असतो. अशा व्यक्तीला ब्युप्रेनॉर्फिनची मात्रा रोज केंद्रात येऊन घेण्याची अट म्हणजे उपचार नाकारणेच होय. २०२०च्या टाळेबंदीत घरी नेण्याच्या मात्रांना मुभा मिळाली होती. म्हणजे ही अट अटळ नाही.

सारांश, ‘गर्द’ने व्यसनी माणसाला माणूस म्हणून पाहण्यास शिकवले. आता त्याच्या घरातील, बोटीवरील आणि शय्येवरील नात्यांनाही त्या दृष्टीच्या कक्षेत आणणे, हे पुढील अभ्यासाचे कर्तव्य ठरते.