जावा उपयोजनात बाह्य लायब्ररींचे धावकालीन भारण : एक चिकित्सा

जार स्वरूपातील जावा उपयोजन '-जार' पर्यायाने चालविल्यास आज्ञेतील क्लासपाथ दुर्लक्षिला जातो. बाह्य लायब्ररींचा शोध मॅनिफेस्टमधील क्लास-पाथ नोंदीनुसार होतो. ही नोंद बांधणीच्या वेळीच निश्चित होते, हीच तिची मर्यादा होय. त्यावर उपाय म्हणून अनेक प्रोग्रामरांनी सिस्टिम क्लासलोडर हा यूआरएलक्लासलोडरच असतो असे गृहीत धरून, रिफ्लेक्शनद्वारे त्याची संरक्षित 'अ‍ॅडयूआरएल' मेथड वापरली. २०१७ मधील जावा ९ ने हे गृहीतक मोडले व असे प्रोग्राम बंद पडले. हा दोष भाषेचा नव्हे. अंतर्गत रचनेला करार मानण्याचा होय. स्वतंत्र यूआरएलक्लासलोडर निर्माण करून सर्व्हिसलोडरच्या साहाय्याने, पूर्वनिश्चित इंटरफेसमार्फत क्लास मिळविणे हाच टिकाऊ मार्ग ठरतो. अध्यापनातही युक्तीपेक्षा या तत्त्वास प्राधान्य मिळणे आवश्यक आहे.