‘स्विच्ड-ऑन बाख’: कर्तृत्वाचा प्रश्न

वेंडी कार्लॉस यांची ‘स्विच्ड-ऑन बाख’ ही पहिली ध्वनिमुद्रिका १९६८ साली कोलंबिया कंपनीने प्रसिद्ध केली. तिच्याविषयी बोलताना ‘यंत्राने बाख वाजविला’ असे सहज म्हटले जाते; परंतु तिची घडण पाहिली म्हणजे हे वर्णन टिकत नाही. त्या काळचा मूग सिंथेसायझर एका वेळी एकच स्वर देऊ शके. त्यामुळे प्रत्येक स्वररेषा निराळी वाजवून आठ पट्ट्यांच्या ध्वनिमुद्रकावर ती इतरांशी जुळवावी लागली. त्यातच वाद्याचा सूर वारंवार ढळे. थोडे वाजवावे, थांबावे आणि पुन्हा सूर लावावा, असा तो क्रम होता. कार्लॉस यांनी पुढे या कामाविषयी जे सांगितले, त्यात यंत्राच्या सामर्थ्याबरोबर त्याच्या या उणिवाही आहेत. आमच्या मते या उणिवांतच ध्वनिमुद्रिकेच्या यशाचे एक कारण आहे. बाखचे संगीत म्हणजे स्वतंत्र स्वररेषांची वीण. प्रत्येक रेषा एकटी वाजवावी लागल्याने प्रत्येकीला स्वतःचा ध्वनिवर्ण आणि स्वतःचा श्वास मिळाला.

मग यात कार्लॉस यांचे स्वतःचे ते काय? बंदीश कोणाची, एवढ्यावरून आपण गायकाचे मोल ठरवीत नाही. मात्र गायकाला असलेली विस्ताराची मुभा येथे जवळजवळ नाही. अपवाद एकच. तिसऱ्या ब्रान्डेनबुर्ग कॉन्चेर्टोच्या मधल्या भागात बाखने केवळ दोन स्वरसंघात लिहून ठेवले आहेत. ती मोकळी जागा कार्लॉस यांनी स्वतःच्या रचनेने भरली. नवख्या कलावंताची खरी परीक्षा तेथेच होती, आणि तेथेच त्या थोड्या कमी पडतात, असे नाइलाजाने म्हणावे लागते. ध्वनींचे कौतुक स्वरविचारावर मात करते. याउलट, जेथे एकही स्वर त्यांचा नाही, अशा पहिल्या व तिसऱ्या भागांत त्यांचे व्यक्तित्व स्पष्ट ऐकू येते. (‘एकल’ हा शब्दही येथे जपूनच वापरावा: निर्माती रेचल एल्काइंड आणि साहाय्यक बेंजामिन फोकमन यांचा वाटा लहान नाही.)

१९९२ साली कार्लॉस यांनी हीच ध्वनिमुद्रिका नव्या अंकीय वाद्यांवर पुन्हा केली. सूर आता ढळत नव्हता. तरीही जुनी मुद्रिका ऐकताना दोन रेषांच्या सांध्यावर जो किंचित ताण जाणवतो, तो नवीत आम्हांस आढळला नाही.