भारतीय राष्ट्रीय फुटबॉल संघाची कामगिरी : सुवर्णकाळाच्या आख्यायिकेची चिकित्सा

प्रस्तावना

भारतीय फुटबॉलविषयीचे बहुतेक लेखन एका ठरावीक आलेखाने पुढे सरकते. 1951 ते 1962 हा सुवर्णकाळ, त्यानंतर घसरण आणि अलीकडच्या काळात पुनरुत्थानाची आशा, असा तो आलेख होय. वृत्तपत्रांतील स्मरणलेखांपासून 2024 मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘मैदान’ या हिंदी चित्रपटापर्यंत हीच मांडणी कमीअधिक फरकाने आढळते. ही मांडणी सर्वस्वी खोटी नाही. तथापि तिचा आधार निवडक निकाल आहेत. समग्र नोंद समोर ठेवली असता चित्र बरेच वेगळे दिसते. घसरण झाली असे मानले, तर उपाय म्हणून जुने वैभव परत मिळवणे एवढेच सुचते. मुळात जे उभारलेच गेले नाही त्याचा शोध घ्यायचा ठरला, तर प्रश्नाचे स्वरूपच पालटते. प्रस्तुत लेखात या दृष्टीने राष्ट्रीय संघाच्या कामगिरीचा चिकित्सक परामर्श घेतला आहे.

अनवाणी पायांची कथा

अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची स्थापना 1937 मध्ये झाली आणि 1948 मध्ये त्याला ‘फिफा’चे सदस्यत्व मिळाले. त्याच वर्षी लंडन ऑलिम्पिकमध्ये तालिमेरेन आओ यांच्या नेतृत्वाखाली स्वतंत्र भारताचा संघ फ्रान्सविरुद्ध उतरला. बहुतेक खेळाडू अनवाणी होते. भारताने दोन पेनल्टी वाया घालवल्या आणि सामना 1–2 असा गमावला. सारंगपाणी रामन यांनी भारताचा एकमेव गोल केला. समोरचा फ्रान्सचा संघ हौशी खेळाडूंचा होता, ही बाब या सामन्याच्या वर्णनात सहसा गाळली जाते. ती पुढील विवेचनासाठी महत्त्वाची आहे.

दोन वर्षांनी ब्राझीलमध्ये विश्वचषक झाला. ब्रह्मदेश, इंडोनेशिया व फिलिपिन्स यांनी माघार घेतल्यामुळे भारत एकही पात्रता सामना न खेळता पात्र ठरला. स्वीडन, इटली व पॅराग्वे यांच्या गटात त्याला स्थान मिळाले आणि मग भारतानेही माघार घेतली. अनवाणी खेळण्यास ‘फिफा’ने मनाई केली म्हणून भारत गेला नाही, अशी कथा तेव्हापासून सांगितली जाते. कथा मोठी आकर्षक आहे. तीत दारिद्र्य आहे, स्वाभिमान आहे आणि परक्यांचा आडमुठेपणाही आहे. परंतु एवढ्याने ती खरी ठरत नाही. महासंघाने त्या वेळी संघनिवडीतील मतभेद आणि सरावासाठी अपुरा वेळ ही कारणे पुढे केली होती. प्रवासखर्चाचा मोठा भाग उचलण्याची तयारी यजमानांनी दाखवली होती. शिवाय 1952 च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्येही भारताचे अनेक खेळाडू बुटांविनाच खेळले. 1950 मध्ये अनवाणी पाय हा खरोखरच अनुल्लंघनीय अडथळा असता, तर दोनच वर्षांनी तो कसा दूर झाला, याचे उत्तर ही कथा देत नाही. संघाचे तत्कालीन आधारस्तंभ शैलेन मन्ना यांनीही पुढे या कारणाला दुजोरा दिला नाही. त्या पिढीला ऑलिम्पिक हेच सर्वस्व वाटत होते आणि विश्वचषकाचे महत्त्व फारसे कोणाला उमगले नव्हते, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता.

थोडक्यात, जो एक प्रशासकीय निर्णय होता, त्याला कथेने नियतीचे रूप दिले. निर्णयाला जबाबदार व्यक्ती असतात, नियतीला नसतात. या सोयीमुळेच ही कथा इतकी दीर्घायुषी ठरली असावी. याहून बोलकी नोंद पुढची आहे. 1950 नंतर विश्वचषकाच्या पात्रता फेरीत भारताचा संघ प्रत्यक्ष मैदानात उतरला तो थेट 1985 मध्ये. ज्या काळाला सुवर्णकाळ म्हटले जाते, तो संपूर्ण काळ या पस्तीस वर्षांच्या पोटात येतो. खेळातील सर्वोच्च स्पर्धेत आपण नेमके कोठे आहोत, हे भारताने या काळात अजमावलेच नाही.

मेलबर्नचा चौथा क्रमांक

1956 च्या मेलबर्न ऑलिम्पिकमधील चौथा क्रमांक हा सुवर्णकाळाचा सर्वांत मोठा पुरावा मानला जातो. त्या स्पर्धेत केवळ अकरा संघ खेळले. पहिल्या फेरीत हंगेरीच्या माघारीमुळे भारताला पुढे चाल मिळाली. त्यानंतर यजमान ऑस्ट्रेलियाचा 4–2 असा पराभव करून भारत उपांत्य फेरीत पोहोचला. या सामन्यात नेव्हिल डिसोझा यांनी हॅटट्रिक केली. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये असा पराक्रम करणारे ते पहिले आशियाई खेळाडू होत. उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्ध उत्तरार्धात आघाडी घेतली तीही डिसोझा यांच्याच गोलाने. मात्र अखेर निकाल 1–4 असा लागला. कांस्यपदकाच्या लढतीत बल्गेरियाने भारताला 3–0 असे हरवले. म्हणजे चौथ्या क्रमांकामागे तीन सामने आणि एक विजय आहे.

डिसोझा स्पर्धेत सर्वाधिक, म्हणजे चार गोल करणाऱ्या तीन खेळाडूंपैकी एक ठरले. बार्देश तालुक्यातील आसगावात जन्मलेला आणि मुंबईत टाटांच्या संघाकडून खेळणारा हा खेळाडू भारताच्या वतीने गोल करीत होता, तेव्हा गोवा पोर्तुगीज अमलाखाली होता. राष्ट्रीय संघाच्या इतिहासात या विसंगतीची दखल क्वचितच घेतली जाते. संघाची घडण प्रामुख्याने कोलकाता आणि हैदराबाद या दोन केंद्रांच्या संदर्भात सांगितली जाते. मुंबईच्या कंपन्यांच्या संघांनी गोव्यातील युवकांना नोकरी आणि मैदान या दोन्ही गोष्टी दिल्या, हा धागा मागे पडतो. 1962 च्या विजयी संघातील फोर्तुनातो फ्रँको हेही मूळचे गोव्याचे व टाटांचेच खेळाडू होते.

ऑलिम्पिकची समग्र नोंद पाहता 1948, 1952, 1956 व 1960 अशा चार स्पर्धांत भारत एकूण आठ सामने खेळला. त्यांपैकी एक जिंकला, एक बरोबरीत सुटला व सहा गमावले. भारताने 10 गोल केले आणि 27 स्वीकारले. हेलसिंकीत युगोस्लाव्हियाकडून झालेला 1–10 हा पराभव यातच येतो. त्यानंतर महासंघाने बूट सक्तीचे केले. 1960 मध्ये रोम येथे हंगेरीविरुद्ध 1–2 असा निसटता पराभव, फ्रान्सशी 1–1 बरोबरी व पेरूविरुद्ध 1–3 अशी हार झाली. केवळ आकड्यांत ही कामगिरी वरच्या दर्जाची दिसत नाही, परंतु रोमचा संघ हाच कदाचित भारताचा सर्वांत कसलेला संघ असावा. हंगेरीसारख्या बलाढ्य प्रतिस्पर्ध्याशी तो एका गोलाच्या अंतराने खेळला. मेलबर्नचा चौथा क्रमांक गौरवला जातो आणि रोमची गटातील हार विसरली जाते. क्रमांकावरून कामगिरी मोजण्याची सवय किती फसवी आहे, हे येथे दिसते.

नोंदीतील आणखी एक तपशील सुवर्णकाळाच्या कल्पनेला छेद देणारा आहे. भारताचा सर्वांत मोठा पराभव 16 सप्टेंबर 1955 रोजी मॉस्को येथे सोव्हिएत संघाविरुद्ध झाला. गोलफलक 1–11 असा होता. सर्वांत मोठ्या विजयांत गणला जाणारा ऑस्ट्रेलियावरील 7–1 हा विजय 12 डिसेंबर 1956 रोजी सिडनी येथे मिळाला. दोहोंत अवघे पंधरा महिन्यांचे अंतर आहे. याचा उलगडा भारताच्या चढउतारांपेक्षा प्रतिस्पर्ध्यांच्या भिन्नतेत आहे. ऑलिम्पिकच्या हौशी नियमामुळे पश्चिम युरोपीय देश आपले व्यावसायिक खेळाडू पाठवू शकत नव्हते. पूर्व युरोपातील राज्यपोषित खेळाडू मात्र कागदोपत्री हौशी असल्याने पूर्ण ताकदीनिशी उतरत. भारत पहिल्या प्रकारच्या संघांशी बरोबरीने झुंजला आणि दुसऱ्या प्रकारच्या संघांकडून प्रसंगी पार चिरडला गेला. दोन्ही निकाल एकाच संघाचे, एकाच काळातले आहेत.

जकार्ता : खरे श्रेय कशाचे

आशियाई क्रीडा स्पर्धांतील यशालाही संदर्भ आहेत. 1951 मध्ये दिल्ली येथे सहा संघ होते. युद्धग्रस्त दक्षिण कोरिया त्यांत नव्हता. भारताने एकही गोल न स्वीकारता तीन सामने जिंकले व अंतिम लढतीत मेवालाल यांच्या गोलाने इराणला नमवले. 1962 मध्ये जकार्ता येथे तैवान व इस्रायल यांना इंडोनेशियाने प्रवेश नाकारला. त्यांपैकी तैवान हा 1954 व 1958 अशा लागोपाठ दोन स्पर्धांचा विजेता होता. या वगळण्याला जाहीर विरोध करणारे गुरुदत्त सोंधी हे भारतीयच होते आणि त्यामुळे स्थानिक प्रेक्षक भारतीय संघावर संतापले होते. ज्यांच्या अनुपस्थितीचा भारताला लाभ झाला, त्यांच्याच बाजूने भारतीय प्रतिनिधी बोलत होता आणि त्याची किंमत खेळाडू मैदानावर मोजत होते. क्रीडा-इतिहासात इतका उपरोध क्वचितच आढळतो.

असे असले तरी जकार्ताचे सुवर्णपदक हे परिस्थितीचे दान नव्हते. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला 2–0 असे हरवले होते. त्यानंतर थायलंड (4–1), जपान (2–0) व उपांत्य फेरीत दक्षिण व्हिएतनाम (3–2) यांना हरवून भारत पुन्हा त्याच कोरियासमोर उभा राहिला. डोक्याला दुखापत झालेले बचावपटू जर्नैल सिंग यांना प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी आघाडीवर खेळवले आणि 4 सप्टेंबर 1962 रोजी पी. के. बॅनर्जी व जर्नैल यांच्या गोलांनी भारताने तो सामना 2–1 असा जिंकला. ज्या संघाकडून निर्विवाद हार पत्करली, त्याच संघाविरुद्ध त्याच स्पर्धेत उत्तर शोधणे हे प्रशिक्षणाच्या बौद्धिक सामर्थ्याचे द्योतक आहे. भारतीय संघाच्या नोंदीत असा दुसरा प्रसंग शोधावा लागेल.

रहीम हे पेशाने शिक्षक होते. त्यांच्या हैदराबाद पोलीस संघाने 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षे मुंबईतील रोव्हर्स चषक जिंकला आणि कूपरेजच्या प्रेक्षकांनी त्यांच्या पद्धतीची प्रचिती राष्ट्रीय यशापूर्वीच घेतली. 11 जून 1963 रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्यांच्यानंतर भारतीय फुटबॉलची घसरण झाली, हे विधान अनेकदा केले जाते. पण एका व्यक्तीच्या मृत्यूने जी कोसळते, ती व्यवस्था म्हणता येईल काय? रहीम यांची पद्धत शिकवणारी संस्था निघाली नाही. देशांतर्गत सामने दीर्घकाळ 70 मिनिटांचेच खेळवले गेले, म्हणजे आंतरराष्ट्रीय सामन्यातील शेवटची वीस मिनिटे भारतीय खेळाडूला परकीच राहिली. राष्ट्रीय पातळीवरील साखळी स्पर्धा सुरू व्हायला 1996 साल उजाडले. दक्षिण कोरियात व्यावसायिक लीग 1983 मध्ये आणि जपानमध्ये 1993 मध्ये सुरू झाली होती.

उत्तरकाळातील आकडे

1964 च्या आशियाई चषकातील उपविजेतेपद चार संघांच्या स्पर्धेत, पात्रता फेरीतील प्रतिस्पर्ध्यांच्या माघारीनंतर मिळाले. 1970 मध्ये बँकॉक येथे जपानला हरवून मिळवलेले कांस्यपदक हे आशियाई क्रीडा स्पर्धांतील पुरुष संघाचे अखेरचे पदक ठरले. आशियाई चषकात 1964 नंतरचा पहिला विजय 2019 मध्ये थायलंडविरुद्ध (4–1) मिळाला. मधल्या पंचावन्न वर्षांत भारत या स्पर्धेच्या मुख्य फेरीत 1984 व 2011 अशा दोनदाच पोहोचला होता.

अलीकडील काळात यशाचे मापन दोन आकड्यांनी केले जाते : दक्षिण आशियाई स्पर्धेतील नऊ विजेतेपदे आणि ‘फिफा’ क्रमवारी. पहिल्यात प्रतिस्पर्धी मर्यादित आहेत. दुसऱ्याचे गणिती सूत्र अनेकदा बदलले आहे. त्यामुळे फेब्रुवारी 1996 मधील 94 वा क्रमांक आणि मार्च 2015 मधील 173 वा क्रमांक यांची सरळ तुलना करता येत नाही. सुनील छेत्री यांचे जून 2024 मधील निवृत्तीपर्यंतचे 94 गोल ही मात्र टाळता न येणारी नोंद आहे. त्यांतील बरेच गोल दुबळ्या संघांविरुद्धचे आहेत, हा आक्षेप खरा असला तरी अपुरा आहे. खेळाडू आपले प्रतिस्पर्धी निवडत नाही. अधिक गंभीर बाब अशी की मार्च 2025 मध्ये चाळिशीतील छेत्री यांना संघात परत बोलवावे लागले. रहीम यांच्याबाबत जे प्रशिक्षणात घडले, तेच येथे आघाडीच्या फळीत घडले.

या चर्चेत ‘राष्ट्रीय संघ’ म्हणजे पुरुषांचा संघ असे गृहीत धरले जाते. महिला संघ आशियाई स्पर्धेत 1983 मध्ये उपविजेता होता आणि जुलै 2025 मध्ये थायलंडला त्यांच्याच भूमीवर 2–1 असे हरवून तो 2026 च्या आशियाई चषकासाठी पात्र ठरला. सुवर्णकाळाच्या कथेत या संघाला कोठेही जागा नाही.

जानेवारी 2024 मध्ये कतार येथे झालेल्या आशियाई चषकात पुरुष संघ तिन्ही सामने हरला व त्याला एकही गोल करता आला नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये गुवाहाटी येथे अफगाणिस्तानने त्याला 2–1 असे हरवले. पुढच्या चषकाच्या पात्रता फेरीत 14 ऑक्टोबर 2025 रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर सिंगापूरकडून 1–2 अशी हार होऊन त्याचे आव्हान संपले. सामना घरच्या मैदानावर होता, भारताने आघाडीही घेतली होती आणि प्रतिस्पर्ध्याने माघार घेतलेली नव्हती.